दगडाहून तान्हा तारा

डिसेंबरात आप्पांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा ते दवाखान्यातल्या बाकावर बसून स्वतःच्याच धोतराकडे बघत राहिले. एकदा डावा डोळा झाकून, एकदा उजवा झाकून, असं चार-पाच वेळा. मग म्हणाले, "बाई, पांढरं असं असतं होय! मला वाटायचं, तुझी आई गेल्यापासून धोतरं नीट निघत नाहीत. पिवळीच दिसायची."

धोतरं स्वच्छच होती. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि निळा-जांभळा उजेड वाटेतच अडवतं. हे इतकं सावकाश होतं की आपण काय गमावत चाललोय याचा माणसाला पत्ता लागत नाही. ७८ वर्षांच्या माझ्या वडिलांना पांढरा रंग परत मिळाला होता. आता त्यांना काय काय दाखवावं, याचाच विचार मी परत येताना रिक्षात करत होते. मोगरा उन्हाळ्यात दाखवता येईल. गंगापूर धरणावरचे बगळे त्यांनी स्वतःच शोधून काढले असते. मला मात्र एक तारा दाखवायचा होता. अगस्त्याच्या शेजारचा, अगदी बारीक, आणि खराखुरा पांढरा.

अगस्त्य आमच्या घरचाच. गिरणारेच्या पुढे, हरसूल रस्त्याला आमचा मळा आहे. लहानपणी तिथे आप्पा भाद्रपदात पहाटे पाणी सोडायला निघाले की मी मागे लागायची. अंजनेरीच्या बाजूला खाली, धुक्यात तो मोठा तारा लुकलुकताना दिसला की आप्पा म्हणायचे, "अगस्ती उगवला, आता पाणी निवळणार." आणि ओढ्याचं गढूळ पाणी खरोखरच त्या दिवसांत नितळत जायचं. पाऊस ओसरायला आणि तो तारा पहाटे दिसायला एकच गाठ पडते, एवढाच त्याचा अर्थ. तरी कित्येक वर्षं मला वाटायचं, तो ऋषी वरून पाण्यात तुरटी फिरवतो. रामाला पंचवटीची जागा सुचवली ती अगस्त्यांनीच. त्यांचा आश्रम अकोले गावी प्रवरेच्या काठी, म्हणजे आमच्या मळ्यातून बघितलं तर डोंगरांच्या पलीकडे, दक्षिणेच्याच अंगाला. त्यामुळे तो तारा आम्हाला कधी लांबचा वाटलाच नाही.

त्याच्या शेजारच्याला मात्र आपल्याकडे नाव नाही. पुस्तकात तो बीटा पिक्टोरिस. १७५१-५२ मध्ये लाकाय नावाचा फ्रेंच खगोलज्ञ आफ्रिकेच्या दक्षिण टोकापाशी, केप ऑफ गुड होपला जाऊन राहिला आणि त्याने दक्षिणेकडच्या जवळजवळ दहा हजार ताऱ्यांच्या जागा मोजल्या. रिकाम्या वाटणाऱ्या आकाशाला त्याने चौदा नवी नावं दिली. त्यात देव नाहीत की प्राणी नाहीत, बहुतेक माणसाच्या कामाची अवजारंच आहेत. त्यातलंच एक चित्रकाराच्या फलकाचं. त्या फलकातला हा दुसरा तारा. मला लाकायची ही निवड फार आवडते. दुर्बीण, घड्याळ, फलक. ज्या वस्तू हातात घेऊन माणूस काहीतरी नीट बघतो, त्या त्याने वर नेऊन ठेवल्या.

फेब्रुवारीत, माघातली अमावास्या जवळ आली तेव्हा मी दोन दिवस मळ्यावर राहायला गेले. बागेत माल उतरायला सुरुवात झाली होती. दिवसभर क्रेट, कात्र्या, व्यापाऱ्याचे फोन. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही विहिरीजवळच्या ओट्यावर जाऊन बसलो. नाशिकचा उजेड तिथून आग्नेयेला राहतो. शहर वाढलं तसा तोही दर वर्षी थोडा वर चढतो आणि पसरतो. थेट दक्षिणेला अजून तरी अंजनेरीचा अंधार शिल्लक आहे.

पावणेनऊच्या सुमाराला तो तारा बरोबर दक्षिणेला येतो आणि त्याच्या हक्काच्या सगळ्यात उंच जागी पोचतो. ती उंचीही क्षितिजापासून जेमतेम १९ अंश. आपण विसाव्या अक्षांशावर, तो आकाशाच्या विषुववृत्ताखाली ५१ अंशांवर, त्यामुळे याहून वर तो आपल्याकडे येऊच शकत नाही. एवढ्या खालच्या ताऱ्याचा उजेड डोक्यावरच्या ताऱ्याच्या तिप्पट हवा ओलांडून येतो. मुळात त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप, ३.८६ (हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद); अगस्त्याच्या सत्तर पट मंद, त्यात ही हवा आणि धूळ. सापडणं सोपं नव्हतं.

"अगस्ती दिसला?"

"तो काय, हातभर मोठा."

"आता हात लांब करा. त्याच्या उजव्या अंगाला तीन-चार बोटं सोडा. आणि किंचित वर."

आप्पा बराच वेळ बघत राहिले. दिसेना. शेजारच्या मळ्यातल्या शेडवर नवा एलईडी दिवा लावलाय, त्याचा झोत सरळ आमच्या ओट्यावर येतो. आप्पांनी काही न बोलता डावा हात पुढे केला, तळवा त्या दिव्यासमोर धरला, दिवा झाकून टाकला आणि पुन्हा बघितलं. थोड्या वेळाने म्हणाले, "हाये. एक हाये. मोहरीएवढा."

मी तो तळवा बघत बसले. कारण या ताऱ्याची सगळी गोष्ट तशाच एका हाताने सुरू होते.

१९८३ मध्ये आयरास नावाच्या उपग्रहाने अवरक्त किरणांत आकाश तपासलं. आपल्या डोळ्यांना न दिसणारे, ऊबदार वस्तूंमधून निघणारे हे किरण. काही साध्या पांढऱ्या ताऱ्यांपाशी ते हिशेबापेक्षा जास्त निघाले. तारा जेवढा तापलेला, त्या मानाने एवढी मंद ऊब त्याच्यापाशी असायचं कारण नव्हतं. म्हणजे भोवताली आणखी काहीतरी होतं, ताऱ्याच्या उजेडाने कोमट झालेलं. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीतल्या लास कँपानास वेधशाळेतून या ताऱ्याकडे बघितलं, तेही मधला झगझगीत ठिपका झाकून. ताऱ्यावर हात धरला म्हणा ना. आणि दोन्ही बाजूंना उजेडाची एक सरळ रेघ उमटली. धुळीची तबकडी होती ती. भाकरीकडे कडेने बघितलं तर ती रेघेसारखी दिसते तशी. दुसऱ्या सूर्याभोवतीची, ग्रह जिथे घडतात तसली तबकडी माणसाने चित्रात पाहिली ती पहिल्यांदा.

"धूळ कशाची?" आप्पांनी विचारलं.

दगडांची. एकमेकांवर आदळून फुटणाऱ्या लहान-मोठ्या दगडांची आणि धूमकेतूंची. असल्या ताऱ्याचा उजेडच इतका जोरकस असतो की बारीक धूळ तो बाहेर ढकलून देतो. तबकडी टिकायची तर तिथे नवी धूळ सतत पडत राहायला हवी, म्हणजे फोडाफोडी अजून चालू आहे. १९८७ मध्ये या ताऱ्याच्या वर्णपटात, म्हणजे त्याच्या उजेडाच्या उकललेल्या रंगपट्ट्यात, कॅल्शियमच्या रेषा तासातासाला बदलताना दिसल्या. धूमकेतू ताऱ्याच्या अगदी जवळ कोसळत होते आणि वाफ होताना त्यांच्यातलं कॅल्शियम क्षणभर त्याच्या उजेडात डाग पाडून जात होतं. पुढे २०१९ मध्ये टेस या उपग्रहाच्या मोजमापांत त्याचा उजेड अगदी किंचित, हजारातल्या एका-दोन भागांनी उतरताना सापडला. एकदम खाली, मग सावकाश वर. डोकं आधी आडवं येतं, शेपूट मागून निघून जातं. ६३ प्रकाशवर्षांवरच्या धूमकेतूची शेपूट! त्या आलेखाचं चित्र मी किती वेळा काढून बघितलंय, सांगता येत नाही.

मग मी आप्पांना दुर्बीण दिली. दहा बाय पन्नासची, शाळेच्या मुलांसाठी घेतलेली. त्यांनी ती ओट्याच्या कठड्यावर टेकवली आणि ऑपरेशन झालेला डोळा लावला.

"कसा दिसतो?"

"पांढरा." मग दुर्बीण वर, मागे फिरवून त्यांनी रोहिणी शोधली. ती त्यांना पाठ आहे. "रोहिणी तांबूस. हा धोतरासारखा."

मी विचारलं, एक तांबडा आणि एक पांढरा, असं का असेल? ते लगेच उत्तरले, कारण ते त्यांनी हाताने केलेलं होतं. विहीर खणताना पहारींची टोकं बोथट व्हायची. रोज संध्याकाळी लोहाराकडे न्यायची. भात्यावर पहार आधी तांबडी होते, मग केशरी, मग पिवळी. आणि पांढरी व्हायला लागली की लोहार ओरडतो, काढ, काढ, जळंल. ताऱ्याचंही तेच. रोहिणीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,९०० केल्विन, आपला सूर्य जवळपास ५,८००, हा ८,०००. रंग हा त्याचा ताप आहे. नुसत्या रंगावरून इतक्या लांबून तो मोजता येतो.

आकारही मोजलाय. चिलीत तीन-चार दुर्बिणी एकमेकींना जोडून. सूर्याच्या दीडपट व्यास. वस्तुमान सूर्याच्या पावणेदोन पट. आता व्यास आणि मघाचा ताप, या दोन आकड्यांवरून तो सूर्यापेक्षा किती पट उजळ असेल, ते काढता येतं. मी मोबाइल काढला, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "सांग, मी करतो." चौथीपर्यंत शिकलेत, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडावर.

मी म्हटलं, व्यास दीडपट, तर पृष्ठभाग दीडचा दीडपट.

"दीड दीडे सव्वादोन."

ताप सूर्याच्या सुमारे १.४ पट. पण उजेड तापाबरोबर साधा वाढत नाही, चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे १.४ ला स्वतःनेच गुणायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा स्वतःने.

"चौदा चोक छप्पन... चौदा चौदे शहाण्णवाशे, एकशे शहाण्णव. म्हणजे दोनच धर. दोन दुणे चार. सव्वादोन चोक नऊ."

नऊ. दुर्बिणींनी आणि उपग्रहांनी मोजलेला आकडा पावणेनऊच्या आसपास आहे. अंधारात, ओट्यावर, दिडकीच्या पाढ्याने एका ताऱ्याचं तेज निघालं. मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. आप्पांचा वाटलाच, पण त्या पाढ्याचाही वाटला. आता शाळेत दिडकी कुणी म्हणत नाही आणि मीही वर्गात कधी म्हणवून घेतली नव्हती. आता घेते.

बाकीचे गुण मी भराभर सांगितले. तो स्वतःभोवती फार वेगाने फिरतो, सेकंदाला सुमारे १३० किलोमीटर. सूर्याचा वेग फक्त २. सूर्याला एका फेरीला पंचवीसेक दिवस लागतात, याला सुमारे चौदा तास. हे कळतं ते वर्णपटातल्या रेषा फासल्यासारख्या रुंद होतात त्यावरून. एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी लांब पळत असते. शिवाय तो दर अर्ध्या तासाला बारीकसा थरथरतो. ती थरथर डोळ्याला दिसणार नाही. पण यंत्र ती टिपतं आणि तिच्यावरून ताऱ्याच्या पोटातली रचना ताडता येते, माठ वाजवून बघतो तशी.

ग्रहाचं मात्र मी सावकाश सांगितलं, कारण तो आम्हा नाशिककरांचा विषय आहे. गुरू सिंह राशीत आला की इथे सिंहस्थ भरतो. गुरूची सूर्याभोवतीची फेरी जवळपास बारा वर्षांची, म्हणून सिंहस्थ बारा वर्षांनी. या गावाचं एक घड्याळच गुरू ग्रहावर चालतं. २००३ च्या सिंहस्थात आई-आप्पा रामकुंडावर स्नानाला गेले होते. आईने तिथून आणलेली पितळी घंटी अजून देव्हाऱ्यात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात चिलीतल्या पारानालच्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने या ताऱ्याची छायाचित्रं घेतली. ती तपासून २००८ मध्ये जाहीर झालं की त्याच्याजवळ एक अंधूक ठिपका आहे. ग्रह की मागचा एखादा तारा, हे ठरत नव्हतं. मग तो ठिपका दिसेनासा झाला आणि २००९ च्या अखेरीस ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आला. फेरी मारत होता तो. गुरूच्या सुमारे दहापट जड, जन्माच्या उष्णतेने अजून तापलेला, आणि दिवस अवघा आठ तासांचा. पुढे २०१९ मध्ये त्याच्या आतल्या बाजूला आणखी एक मोठा ग्रह सापडला.

या बाहेरच्या ग्रहाला एका फेरीला २३-२४ वर्षं लागतात. म्हणजे आपले दोन सिंहस्थ, त्याचं एक वर्ष. आई रामकुंडात उभी होती त्या वर्षी ज्या जागी त्याचं चित्र निघालं, साधारण त्याच जागी तो आता येतोय, या २०२६-२७ च्या सिंहस्थाला.

आप्पा यावर काही बोलले नाहीत. दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

मग त्यांनी विचारलं, "लई जुना असंल."

इथे मला थांबावं लागलं. कारण ते बसले होते त्या दगडावर मला हात ठेवायचा होता.

हा ओटा ७२ च्या दुष्काळातला. त्या साली विहीर खणली. वर मुरूम, खाली मांजऱ्या, आणि मग काळा पाषाण. सुरुंगाशिवाय हलेना. सात परस खोलीवर पाणी लागलं. निघालेला दगड कुठे टाकणार, म्हणून त्याचाच ओटा बांधला. त्यातला एक धोंडा आप्पांनी जपून वरच्या थरात, दर्शनी बाजूला बसवलाय. त्याच्या पोटात मुठीएवढी पोकळी आहे आणि आत पांढऱ्या गारांचे लहान लहान दाणे, साखरेसारखे. आपल्या भागात असे दगड पुष्कळ निघतात. सिन्नरला तर त्यांचं गारगोटी संग्रहालयच आहे. लाव्हा थिजताना आतले वायूचे बुडबुडे तसेच राहिले आणि नंतर त्यात झिरपलेल्या पाण्याने या गारा घडवल्या.

तो लाव्हा वाहिला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. अंजनेरी, ब्रह्मगिरी, पांडवलेणी ज्या डोंगरात कोरली तो त्रिरश्मी, सगळे त्याच थरांचे.

आणि तारा साधारण २ कोटी ३० लाख वर्षांचा.

मी पहिल्यांदा हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा वाटलं, एखादं शून्य चुकलं. पुन्हा पडताळले. बरोबर होते. वय काढलंय त्याच्या भावकीवरून. त्याच्याबरोबर एकाच दिशेने, एकाच वेगाने चाललेले काही डझन तारे आकाशात विखुरलेत. त्यांच्या वाटा मागे मागे नेल्या की सगळे एका जागी जवळ येतात. आणि त्यांतल्या लहान ताऱ्यांमध्ये लिथियम किती जळून गेलंय आणि किती उरलंय, यावरूनही वय निघतं. दोन्ही हिशेब एकाच सुमाराला येऊन थांबतात. आमच्या विहिरीचा दगड थिजून, गार होऊन, त्यावर पाऊस पडून, माती धरून, झाडं वाढून चार कोटी वर्षं झाली होती, तेव्हा कुठे तो तारा पेटला.

आप्पांना मी त्यांच्या मापात सांगितलं. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं. सूर्य तुमच्या वयाचा धरला, ७८ चा, तर हा पाच महिन्यांचाही नाही.

"उष्टावण व्हायचंय अजून," आप्पा म्हणाले. त्यांनी हात त्या गारांच्या दगडावर ठेवला आणि बोट पोकळीत घातलं. ते तसं नेहमीच घालतात. लहानपणी मीही घालायची, त्यामुळे कडा गुळगुळीत झाल्यात.

लहानपणापासून मनात एक उतरंड पक्की असते. घर आपल्याहून जुनं, देऊळ घराहून जुनं, डोंगर देवळाहून, आणि तारे सगळ्यांहून. माझ्या मनातली ती उतरंड त्या दोन आकड्यांनी मोडली, आणि मोडली याचा मला आनंद आहे. मला तारे म्हणजे संपलेलं काम वाटायचं, कुणीतरी कधीचंच करून ठेवलेलं. पण वर अजून खडी फुटतेय, धूळ उडतेय, ग्रह तापलेले आहेत. बांधकाम चालू असलेलं एक घर मी इथून, द्राक्षाच्या मांडवाजवळ बसून, उघड्या डोळ्याने बघू शकते. आणि ज्यावर बसून बघतेय तो दगड आधीच कोट्यवधी पावसाळे पाहून बसलेला आहे.

"आणि हा उजेड?" आप्पांना तेवढं माहीत आहे, की उजेडाला यायला वेळ लागतो. "कधीचा?"

सुमारे ६३ वर्षांपूर्वीचा. आप्पा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे, या रानात गुरं राखत. विहीर नव्हती, ओटा नव्हता.

"मंग विहिरीला पाणी लागलं, त्या टायमाचा?"

तो अजून वाटेत आहे. २०३५ च्या सुमाराला पोचेल. आप्पांनी बोटांवर हिशेब केला. सत्त्याऐंशी. "बघू," म्हणाले, आणि दुर्बिणीची काच धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. मी म्हटलं, कापड खरखरीत आहे, चरे पडतील. त्यांनी ती लगेच माझ्या हातात दिली.

दोन दिवसांनी मी शहरात परतले. आमच्या फ्लॅटची गॅलरी उत्तरेला आहे, आणि समोर इमारती. दहा-बारा दिवसांनी रात्री आप्पांचा फोन आला. आठसुद्धा वाजले नव्हते. मला वाटलं, व्यापाऱ्याने पुन्हा पैसे लांबवले.

"बाई, तुझा तान्हा आज आत्ताच वर आलाय. लवकर निजणार."

"दिसतोय का नीट?"

"शेजाऱ्याला सांगितलं मी, दिवा जरा खाली वळव म्हणून. वळवला त्याने." मागे कुणा पोराचा आवाज येत होता. बागेत काम करणाऱ्या बाईचा मुलगा असावा. आप्पा फोन कानापासून दूर धरून त्याला सांगत होते, "अगस्ती दिसला का? आता हात लांब कर. उजव्या अंगाला. तीन बोटं... तुझी बोटं लहान हायेत, पाच सोड."